घरी अडकल्यावर काय वाचायचं, काय पाहायचं: शोधण्याची एक रीत

पायाला प्लास्टर घालून घरी आले त्या दिवशी मनातून मला जरा आनंदच झाला होता. सहा आठवडे कुठे जायचं नाही. म्हणजे 'कधीतरी वाचू' म्हणून मागे टाकलेली पुस्तकं आणि 'निवांत पाहू' म्हणून राखून ठेवलेले सिनेमे, सगळ्यांचा फडशा पडणार. पहिल्या आठवड्याचा हिशोब मात्र असा निघाला: दोन सिनेमे अर्धवट, एका कादंबरीची अठरा पानं, आणि रोज रात्री पाऊण तास नुसती पोस्टरं वरखाली सरकवणं. शेवटी कंटाळून आधी पाहिलेलंच काहीतरी लावायचं आणि झोपायचं.

तेव्हा लक्षात आलं की तुटवडा कशाचाच नव्हता. मी दमल्यावर निवडायला बसत होते, घोळ तिथे होता. दुसऱ्या आठवड्यापासून निवडायची वेळ आणि आस्वाद घ्यायची वेळ वेगळी केली. सकाळी डोकं ताजं असताना अर्धा तास शोधायचं आणि वहीत लिहायचं. संध्याकाळी वही उघडायची, त्यातलं एक उचलायचं. संध्याकाळी शोध घ्यायला बंदी. पुढे जे सांगणार आहे ते या सकाळच्या अर्ध्या तासात काय करायचं याबद्दल आहे.

पायरी १: आज डोकं किती चालतंय?

घरी अडकणं सगळ्यांचं सारखं नसतं. ताप उतरत असलेला माणूस, हाड मोडून पडलेला पण बाकी ठणठणीत माणूस आणि आजारी माणसाची काळजी घेत घरात बांधला गेलेला माणूस, या तिघांना एकच यादी देऊन भागत नाही. तापातल्या माणसाला वेळ असतो, पण दोन पानांपलीकडे लक्ष टिकत नाही. काळजी घेणाऱ्याचं लक्ष टिकेल, पण त्याला सलग वेळ मिळत नाही, दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. प्लास्टरवाल्याकडे दोन्ही आहे. त्यानेच तो हजार पानांचा ठोकळा काढावा.

लक्ष टिकत नसेल तर छोट्या तुकड्यांचं वाचन घ्या: कथा, ललित लेख, पत्रसंग्रह, डायऱ्या, प्रवासवर्णनं. पत्रं आणि डायऱ्या यासाठी फार सोयीच्या, कारण कुठूनही उघडल्या तरी चालतात आणि मध्येच झोप लागली तरी कथानकाचा धागा हरवत नाही. पाहण्यात लघुपट, ॲनिमेशन, निसर्गावरचे माहितीपट. आधी वाचलेलं पुन्हा वाचायलाही लाजू नका. काळजीत असलेल्या मनाला पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा आधार वाटतो.

वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल तर छोट्या प्रकरणांच्या कादंबऱ्या किंवा अर्ध्या तासाच्या भागांच्या मालिका. दोन्ही भरपूर असेल तर लांब पल्ल्याचं काही धरा, पण एका वेळी एकच. मी एकदम तीन जाडजूड कादंबऱ्या सुरू करून पाहिल्या. तिन्हींतली माणसं एकमेकांत मिसळून गेली.

पायरी २: आवडलेल्या पाच आणि टाकलेल्या तीन

'तुम्हाला काय आवडतं?' या प्रश्नाला बहुतेक जण प्रकाराचं नाव सांगतात. रहस्यकथा, ऐतिहासिक, विनोदी. त्याचा उपयोग थोडा. एकाच रहस्यकथेत कुणाला खून कोणी केला यात रस असतो, कुणाला तो खडूस तपास अधिकारी आवडलेला असतो, तर कुणाला ते धुक्यात बुडालेलं बंदर.

अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यासाठी एक सोपी कल्पना वापरली आहे. पुस्तकात शिरायची दारं चार: कथा, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही दारं असतात, पण कुठलं मोठं आणि कुठलं लहान हे वेगळं असतं. वाचकाचंही एखादं दार ठरलेलं असतं. कथेच्या दारातून येणारा वाचक 'खाली ठेववेना' म्हणतो, भाषेच्या दारातून येणारा वाक्यं पुन्हा पुन्हा वाचतो आणि मुद्दाम सावकाश जातो. हे दोघे एकमेकांना पुस्तकं सुचवू लागले की दोघांचीही निराशा होते.

आता वहीचं पान घ्या. गेल्या काही वर्षांत मनापासून आवडलेली पाच नावं लिहा, पुस्तकं आणि सिनेमे मिसळून. प्रत्येकापुढे कुठल्या दारातून शिरलात ते लिहा. मग अर्धवट टाकलेली तीन नावं लिहा आणि का टाकली ते एका वाक्यात. हा दुसरा भाग गाळू नका. माझ्या टाकलेल्या तिन्हींत एक गोष्ट समान निघाली, निवेदक सतत स्वतःची कीव करत होता. ही माहिती मला कुठल्याही ॲपने दिली नसती.

सिनेमासाठी दारं थोडी बदलतात. भाषेच्या जागी दृश्य येतं, म्हणजे प्रकाश, चौकट, कॅमेऱ्याची चाल. आणि गती हे पाचवं दार मी माझ्यापुरतं जोडलं आहे. संथ सिनेमा काहींना विसावा देतो, काहींना छळतो. त्यात कमीपणा कुणाकडेच नाही.

पायरी ३: नावाच्या मागोमाग जा

बहुतेक लोक आवडलेल्या लेखकाचं पुढचं पुस्तक किंवा आवडलेल्या नटाचा पुढचा सिनेमा शोधतात. लेखकाचं ठीक आहे. नटाच्या बाबतीत मात्र हा धागा लवकर तुटतो, कारण नट तोच असला तरी लेखन आणि दिग्दर्शन दरवेळी वेगळ्या हातात असतं.

तेव्हा आधी नेमकं काय आवडलं ते पाहा. संवाद आवडले असतील तर पटकथाकाराचं नाव काढा. रात्रीची दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नसतील तर छायालेखकाचं. अडीच तास कसे गेले कळलं नाही, असं झालं असेल तर श्रेय बहुधा संकलकाचंही असतं. आयएमडीबी किंवा लेटरबॉक्स्ड या संकेतस्थळांवर सिनेमाच्या पानावर ही सगळी नावं असतात आणि नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं सगळं काम समोर येतं. दिग्दर्शक बदलला, देश बदलला, पण छायालेखक तोच, अशी उडी मारून पोचलेले सिनेमे माझ्या यादीत सर्वांत चांगले निघाले.

पुस्तकांत हेच काम अनुवादक करतो. परभाषेतलं एखादं पुस्तक अनुवादात रसाळ वाटलं, तर अनुवादकाचं नाव टिपा आणि त्याने आणखी काय अनुवादित केलं ते पाहा. चांगले अनुवादक सहसा स्वतःला आवडलेलंच हातात घेतात, त्यामुळे त्यांची यादी म्हणजे एका चोखंदळ वाचकाची यादी असते. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०१६ पासून दरवर्षी इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला मिळतो आणि रक्कम लेखक व अनुवादकात सारखी वाटली जाते. त्याची दीर्घयादी, म्हणजे पहिल्या फेरीतली डझनभर पुस्तकं, विजेत्यापेक्षा जास्त कामाची. विजेता ठरतो तो परीक्षकांच्या सहमतीने, आणि सहमतीत बरंचसं तिरकस, विक्षिप्त गळून जातं. माझा वाचनाचा आनंद नेमका त्या गळालेल्यांत असतो.

आणखी दोन जागा. एक, पुस्तकाच्या शेवटची ऋणनिर्देशाची आणि संदर्भांची पानं, जी आपण नेहमी सोडून देतो. इतिहासाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक आवडलं असेल तर पुढची दहा पुस्तकं तिथेच लिहिलेली असतात. दोन, प्रस्तावना लिहिणारा. तो कुणाच्या प्रेमापोटी लिहितोय हे सहज कळतं.

सिनेमाच्या याद्यांत 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाची मतचाचणी प्रसिद्ध आहे. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ती होते. २०२२ च्या फेरीत १,६०० हून अधिक समीक्षक, अभ्यासक आणि सिनेमाशी संबंधित लोकांनी प्रत्येकी दहा सिनेमे सांगितले. लोक पहिल्या शंभराची यादी पाहतात आणि दडपून जातात. तसं करू नका. प्रत्येक मतदाराचे दहा सिनेमे स्वतंत्रपणे वाचायला मिळतात. तुमचा एखादा लाडका, फारसा चर्चेत नसलेला सिनेमा कुणी कुणी निवडला ते शोधा. अशा माणसाच्या दहांपैकी उरलेले नऊ तुमच्यासाठीच निवडल्यासारखे असतात.

पायरी ४: आकडे वाचायला शिका

गुणांकनावर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद व्यर्थ आहे. आकडा कशाचा आहे ते कळलं की तो उपयोगी पडतो.

रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ पासून चालू आहे. त्यावरचे ९० टक्के म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना 'बरा आहे' वाटलेला गुळगुळीत सिनेमा ९५ वर जाऊ शकतो. निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला आणि निम्म्यांनी आपटलेला सिनेमा ५० वर अडकतो. साठच्या खाली गेला की तिथे हिरवा, सडक्या टोमॅटोचा शिक्का बसतो. मला स्वतःला ४५ ते ६५ मधले सिनेमे तपासून पाहायला आवडतात. तिथे भांडणं असतात. मेटाक्रिटिकवरचा आकडा मात्र खरोखर सरासरीच्या जातीचा, समीक्षकांना कमीजास्त वजन देऊन काढलेला.

आयएमडीबीवरचा दहापैकी आकडा प्रेक्षकांच्या मतांचा असतो. तो वेगवेगळ्या प्रकारांत ताडून पाहू नका. भयपट आणि हलके विनोदी सिनेमे तिथे कमी गुण मिळवतात, माहितीपट जास्त. ६.३ चा भयपट चांगला असू शकतो, ६.३ चा माहितीपट क्वचितच.

पुस्तकांच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. मालिकेतल्या चौथ्या-पाचव्या पुस्तकाचे तारे पहिल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतात. ज्यांना पहिलं आवडलं नाही ते पुढे गेलेच नाहीत, उरले ते भक्त. त्यामुळे मालिका घ्यायची की नाही हे पहिल्या पुस्तकाच्या ताऱ्यांवरून ठरवा.

परीक्षणं वाचायची तर पाच तारेवाली आणि एक तारेवाली दोन्ही सोडा. तीन तारेवाली वाचा. तीन तारे देणारा माणूस काय जमलं आणि काय नाही हे शांतपणे सांगतो, आणि त्याला न जमलेलं वाटतं तेच कधीकधी आपल्याला हवं असतं. 'फारच संथ, नुसती माणसं बोलत बसतात' हे वाचून मी दोन सिनेमे लगेच यादीत घातले.

आता ॲपच्या शिफारशी. 'हे आवडलं असेल तर हेही आवडेल' यामागचं मूळ गणित असं: तुमच्यासारखं पाहणारे इतर लोक शोधायचे आणि त्यांनी पाहिलेलं पण तुम्ही न पाहिलेलं पुढे करायचं. त्याला तुमचं मन कळत नाही, तुमचा वापर कळतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये हे भाकीत दहा टक्क्यांनी सुधारणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं आणि २००९ मध्ये ते दिलंही. जिंकलेली ती सगळी यंत्रणा मात्र कंपनीने जशीच्या तशी वापरात आणलीच नाही. मिळणारी अचूकता त्या खटाटोपाच्या मानाने थोडी, असं त्यांनीच नंतर सांगितलं. तेव्हा आपणही तिचा फार बाऊ करू नये. दोन साधे उपाय पुरतात. घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं ठेवा, नाहीतर लहानग्याची कार्टून्स तुमच्या शिफारशींत कायमची मुक्काम ठोकतात. आणि सेटिंगमध्ये जाऊन आपोआप सुरू होणारी झलक व पुढचा भाग बंद करा. हे बटण शोधायला पाच मिनिटं लागतात, त्यातून किती रात्री वाचतात त्याला गणती नाही.

पुस्तकांसाठी द स्टोरीग्राफ नावाची सेवा मला जास्त पटली, कारण तिथे मनःस्थिती, गती आणि पानसंख्या यांवरून चाळणी लावता येते. 'हलकं, वेगवान, ३०० पानांच्या आत' असं सांगता येणं हे आजारपणात वरदान आहे.

आणि हो, चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पुस्तक ठामपणे सांगतो, लेखकाच्या नावासकट. नाव मिळालं की आधी वर्ल्डकॅट या जगभरातल्या ग्रंथालयांच्या सामायिक सूचीत ते आहे का ते पाहा. नसेल तर शोधाशोध करत बसू नका.

पायरी ५: फुकट आणि कायदेशीर

इथे जरा थांबू, कारण हे भांडार प्रचंड आहे आणि त्यात शिरायचं कसं हे कुणी नीट सांगत नाही.

ई-पुस्तकांची गोष्ट ४ जुलै १९७१ ला सुरू होते. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट यांना तिथल्या मोठ्या संगणकावर वेळ मिळाला होता. त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यावर टंकून इतरांसाठी खुला केला. त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. आज तिथे ७०,००० हून अधिक पुस्तकं आहेत, खातं न काढता उतरवता येतात. साहित्य उत्तम, पण मांडणी रूक्ष. त्यातलीच निवडक पुस्तकं स्टँडर्ड ईबुक्स हा स्वयंसेवकांचा प्रकल्प पुन्हा तपासून, देखणी मांडून देतो. एखादं पुस्तक दोन्हीकडे असेल तर दुसरीकडचं घ्या.

इंग्रजीखेरीजच्या भाषांसाठी विकिस्रोत पाहा. २००३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अनेक भाषांत आहे, मराठीतही. पुष्कळ पुस्तकांत मूळ छापील पानाचं चित्र आणि टंकलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे शंका आली तर लगेच ताडून पाहता येतं.

उतरवताना इपब हा प्रकार निवडा. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेतात. स्कॅन केलेली पीडीएफ फोनवर वाचणं म्हणजे भिंगातून भिंत पाहणं. ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सेवेतून इपब फाइली २०२२ पासून किंडलवरही पाठवता येतात.

वाचवत नसेल तर ऐका. लिब्रिवॉक्सवर २००५ पासून जगभरातले स्वयंसेवक हक्कमुक्त, म्हणजे कॉपीराइटच्या बंधनातून मोकळी झालेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. मोठी अडचण एकच, पुष्कळदा प्रकरणागणिक वाचणारा बदलतो, आणि चौथ्या प्रकरणात नायकाला एकदम वेगळाच आवाज फुटतो. त्यामुळे शोधताना एकट्याने वाचलेलं, म्हणजे 'सोलो' ध्वनिमुद्रण निवडा. आवाज आवडला तर त्याच वाचकाची बाकीची पुस्तकं काढा. मी एका वाचकाच्या मागे जात जात अशा लेखकांपर्यंत पोचले ज्यांची नावंही कधी ऐकली नव्हती.

इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून आहे. पुस्तकं, सिनेमे आणि माझं खास आवडतं दालन म्हणजे जुनी नभोनाट्यं. अर्ध्या तासाची, दार करकरतं, पाऊस पडतो, कुणीतरी किंचाळतं. डोळे मिटून पडायचं असेल तेव्हा याला तोड नाही. तिथल्या अलीकडच्या पुस्तकांच्या उसनवारीवर मात्र प्रकाशकांनी खटला भरला होता. २०२४ मध्ये अपिलातला निकालही आर्काइव्हच्या विरोधात गेला, आणि सुमारे पाच लाख पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. म्हणून जुने दुवे कधीकधी रिकामे निघतात.

हक्कमुक्त म्हणजे काय हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत ढोबळमानाने प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी कृती मोकळी होते, त्यामुळे दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाचा साठा खुला होतो. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. एका देशात खुलं असलेलं दुसऱ्या देशात खुलं असेलच असं नाही. कधीकधी चुकीनेही कृती मोकळी होते. १९६८ मधल्या एका अमेरिकी भयपटाचं नाव वितरणाच्या वेळी बदललं, नव्या शीर्षकपट्टीवर हक्काची सूचना लिहायची राहून गेली, आणि त्या काळच्या कायद्यानुसार सिनेमा थेट सार्वजनिक मालकीचा झाला. आजही तो कुठेही मोफत सापडतो.

सिनेमांसाठी ज्या संस्थांनी स्वतःहून दारं उघडली आहेत त्या आधी पाहा. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड १९३९ चं. त्यांच्या संकेतस्थळावर माहितीपट आणि ॲनिमेशनचा मोठा साठा विनामूल्य आहे, त्यातले दहा-बारा मिनिटांचे ॲनिमेशनपट तापातल्या माणसासाठी उत्तम. कोरियन फिल्म आर्काइव्हने यूट्यूबवर जुने कोरियन सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह ठेवले आहेत. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओचंही तसंच. या अधिकृत वाहिन्यांवर चित्र स्वच्छ असतं. कुणीतरी चढवलेल्या धूसर प्रती पाहून 'जुने सिनेमे असेच असतात' असा ग्रह करून घेऊ नका.

अनुवादांबद्दल एक इशारा. मोफत मिळणारे अनुवाद बहुधा शंभर वर्षांपूर्वीचे असतात. पहिलं पान निर्जीव वाटलं तर लेखकाला दोष देण्याआधी अनुवादक बदलून पाहा.

पायरी ६: ग्रंथालयाचं कार्ड, घरबसल्या

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. वाचकाला योग्य पुस्तक सुचवणं ही ग्रंथपालांच्या कामातली एक वेगळी विद्या आहे, आणि अनेक ग्रंथालयं फोनवर किंवा ईमेलवरही ते करतात. विचारत मात्र कुणी नाही.

विचारताना 'काहीतरी छान सुचवा' म्हणू नका. दुसऱ्या पायरीतलं वहीचं पान इथे वापरा. 'अमुक पुस्तक आवडलं, त्यातली जागा फार आवडली. अमुक टाकलं कारण फार रडकं होतं. सध्या तासभरापेक्षा जास्त वाचवत नाही.' एवढं सांगितलं की समोरचा खुलतो. मित्रांना विचारतानाही हाच साचा वापरा. 'या सिनेमासारखं, पण शेवट कमी दुःखाचा' ही विनंती मित्राच्या मनात लगेच तीन नावं आणते.

तुमचं ग्रंथालय लिबी या ॲपशी जोडलेलं असेल तर ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं घरबसल्या उसनी मिळतात, मुदत संपली की आपोआप परत जातात, दंडाची भानगड नाही. डिजिटल असूनही रांग का असते, असा प्रश्न पडतो. ग्रंथालयाने जेवढ्या प्रतींचा परवाना घेतला तेवढ्याच लोकांना एका वेळी पुस्तक मिळतं. म्हणून पाच-सहा पुस्तकांच्या रांगेत आजच नाव लावा, आणि सगळी एकदम आली तर काही 'नंतर द्या' म्हणून पुढे ढकला. रांगेतली जागा जात नाही. सिनेमांसाठी कॅनोपी ही अशीच ग्रंथालय कार्डावर चालणारी सेवा आहे, पण सगळ्या देशांत ती मिळत नाही.

एखादा सिनेमा नेमका कुठल्या सेवेवर आहे हे शोधायला जस्टवॉच वापरा. देश निवडा, नाव टाका, तिथे भाड्याने, विकत की वर्गणीत ते दिसतं. हेसुद्धा सकाळीच.

पायरी ७: यादी लहान ठेवा आणि सोडायला शिका

माझ्या वहीत एका वेळी बाराच नावं असतात. तेरावं आलं की एक खोडायचं. प्रत्येक नावापुढे तीनच नोंदी: कुठे मिळेल, किती लांब, कसल्या दिवसासाठी. लांबी लिहिणं फार महत्त्वाचं, कारण रात्री साडेनऊला तीन तासांचा सिनेमा सुरू करून आपण स्वतःलाच फसवत असतो. 'कसल्या दिवसासाठी' यात मी 'डोकं दुखतंय', 'कंटाळा', 'एकटी आहे', 'सगळे जागे आहेत' असं काहीही लिहिते.

सोडण्यासाठीही नॅन्सी पर्ल यांचाच नियम चांगला आहे. पन्नाशीच्या आतल्यांनी पुस्तकाला ५० पानं द्यावीत. पन्नाशी ओलांडली की १०० मधून आपलं वय वजा करावं आणि उरतील तेवढीच पानं द्यावीत. सत्तरीच्या माणसाने तीस पानं. वय वाढेल तशी सवलत वाढते, हे मला फार न्याय्य वाटतं. सिनेमाला मी २५ मिनिटं देते. मूक सिनेमाला मात्र थोडं जास्त, कारण डोळ्यांना त्याची सवय व्हायलाच पंधरा मिनिटं लागतात.

सोडलेलं पुस्तक वाईट असतंच असं नाही. आजारपणात टाकलेलं एक पुस्तक मी प्लास्टर निघाल्यावर दोन दिवसांत संपवलं.

घरात एकापेक्षा जास्त जण असतील तर

सगळ्यांनी मिळून निवडायचं ठरवलं की निवड होत नाही, वाटाघाटी होतात. एकाने तीन नावं सांगायची, दुसऱ्याने त्यातून एक उचलायचं, पुढच्या वेळी उलट. नकाराधिकार प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच. मुलांनाही तीन नावं सांगायचा हक्क द्या. ती सुचवतात ते कधी सहन करावं लागतं, पण पुढच्या वेळी तुम्ही सुचवलेलं ती कुरकुर न करता पाहतात.

सबटायटल्स की डबिंग, हा वाद मी सोडवू शकलेले नाही. स्वयंपाक करता करता ऐकत पाहणाऱ्यासाठी डबिंग, बसून पाहणाऱ्यासाठी सबटायटल्स, अशी आमच्याकडे फाळणी झाली आहे. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स वेगळी असतात, त्यांत दार वाजल्याचं, संगीत बदलल्याचंही लिहिलेलं असतं. घरात कुणी ज्येष्ठ असतील तर ती चालू करून पाहा.

डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नियम: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद. पडून वाचत असाल तर जाड पुस्तक छातीवर धरण्यापेक्षा ई-वाचक बरा. माझं जाडजूड पुस्तक दोनदा नाकावर पडलं, तेव्हा मी ऑडिओबुककडे वळले.

आणि संपवलेल्या प्रत्येक गोष्टीखाली वहीत एक ओळ लिहा: कुठल्या दारातून शिरलात, आणि पुढे कुणाचं नाव शोधायचं. कथासार नको, तारे नकोत. माझी कालची ओळ अशी आहे: 'स्थळ. बर्फातलं रेल्वे स्टेशन. छायालेखकाचं नाव उद्या सकाळी काढायचं.'